सोयाबीनच्या मुलखात अडीच हजाराचा डबा

औशाचा मास्तर :
पुतण्या लातूरला पोलीस भरतीची तयारी करतोय. वजन 58 किलो, पळण्यात बरा, गोळाफेकीत मार खातो. परवा फोन आला, "काका, चार हजार टाका, डबा घ्यायचाय." कसला डबा, तर एक किलो व्हे प्रोटीनची पावडर अडीच हजाराची आणि सोबत दीड हजाराची अमिनोची डबी. अकॅडमीतले सर सांगायलेत म्हणे, मेसच्या जेवणावर अंग भरत नाही. आणि डबा मिळतो कुठं? त्याच सरांकडं.

रविवारी रूमवर जाऊन आलो. चार पोरं, एक खोली, खिडकीत तीन रिकामे डबे. एकात तूरडाळ, एकात कपड्याचा साबण, तिसऱ्यात चिल्लर. पोरानं माझ्यासमोर पाण्याच्या बाटलीत एक माप टाकून अशी घुसळली की वर दोन बोटं फेस आला. मी घोटभर पिऊन बघितलं. गुळचट, वर व्हॅनिलाचा वास, खाली खडू कालवल्यागत.

माझं म्हणणं एवढंच, की आपण सोयाबीन पिकवणारी माणसं. 2024-25 ला हमीभाव होता क्विंटलला 4892, आडतीत भाव त्याच्याही खाली. म्हणजे किलोला पन्नास रुपयेसुद्धा नव्हते. त्याच सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला 36 ग्रॅमच्या वर प्रथिनं. एक पोतं विकून जे हाती येतं ते पोराच्या महिन्याच्या डब्यात जाणार असेल तर आपलं गणित कुठंतरी चुकतंय. आमच्या तालमीत दूध, गूळ-शेंगदाणे आणि सणासुदीला बदामाची थंडाई होती. पाटोद्याचा राहुल आवारे 2018 ला गोल्ड कोस्टहून राष्ट्रकुलचं सुवर्ण घेऊन आला. तो काय डबे पिऊन झाला का?

संभाजीनगरचा जिमवाला :
मास्तर, आवारेंचं ताट तुम्ही बघितलंय का? मीही नाही. मग त्यांना मधे कशाला आणायचं.

तुमचा राग सरांवर आहे आणि तो तुम्ही पावडरीवर काढायलात. व्हे म्हणजे काय? श्रीखंडासाठी चक्का टांगला की फडक्यातून जे पाणी गळतं, त्याच जातीचं पाणी. चीज करताना ते टनावारी उरतं, त्यातली प्रथिनं गाळून वाळवली की पावडर. आई त्या पाण्यात कणीक मळते तेव्हा कुणी नाक मुरडत नाही. दुधातली पाचातली चार हिस्से प्रथिनं केसीन असतात, ती चक्क्यात राहतात. उरलेला पाचवा हिस्सा हा. औषध नाही, स्टेरॉईड नाही, दूधच आहे.

आता पोराचं ताट मोजा. दोन वेळच्या मिळून आठ पोळ्या, भात, पातळ वरण, बटाटा, सकाळी पोहे. ओढूनताणून 50 ग्रॅम प्रथिनं भरतील. आयसीएमआरचा, म्हणजे दिल्लीच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, हिशेब वजनाच्या किलोमागं 0.83 ग्रॅम, म्हणजे 58 किलोला 48. झालं की पुरं, म्हणाल तुम्ही. पण तो आकडा साध्या माणसाचा, पहाटे उठून रोज मैदान मारणाऱ्याचा नाही. व्यायाम करणाऱ्यांवरच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा किलोमागं 1.6 ग्रॅमपर्यंत स्नायूंना फायदा दिसला, त्यापुढं फारसा नाही. म्हणजे पोराला 90 च्या आसपास लागतंय. तूट 40 ची. ती कुठून भरणार, ते सांगा. तीस ग्रॅमच्या एका मापात 24 मिळतात, तेही खोलीत गॅस नसताना.

बरं, मी स्वतः डबे विकतो, लपवत नाही. पण अमिनोची डबी मात्र मी कुणाला देत नाही.

पेंडवाला :
आपल्या सोयाबीनची पेंड कोंबडीला, कोंबडीचं अंडं पुण्याला, आणि आपल्या पोराला डबा. चालू द्या.

भरतीवाला, अहमदपूर :
काका, राग येऊ देऊ नका, पण दूध-शेंगदाणे सांगणं सोपं आहे. आमच्या घरात पंढरीची माळ आहे, मी अंडं खात नाही. पहाटे साडेचारला मैदानावर, नऊला क्लास, दुपारी अभ्यासिका. दूध आणलं तर तापवायचं कुठं? मालकीण शेगडी लावू देत नाही, उन्हाळ्यात दुपारपर्यंत नासतं. शेंगदाणे शंभर ग्रॅम खाल्ले तर प्रथिनं 25, पण तेल जवळपास 50 ग्रॅम. ते खाऊन 1600 मीटर पळून दाखवा. पळण्याला 20 मार्क आहेत, गोळ्याला 15. एकेका मार्कावर पोरं घरी जातात. तेव्हा डबा ही चैन नाही आमची.

एक खरं आहे. पहिल्या आठवड्यात पोट असं गुरगुरायचं की तिसऱ्या राउंडला मैदान सोडून पळालो होतो, ट्रॅकवर नाही.

संभाजीनगरचा जिमवाला :
दूध पचत नसेल तर कॉन्सन्ट्रेटमधली, म्हणजे साध्या व्हे पावडरीतली, दुधाची साखर बाधते. आयसोलेट म्हणजे जास्त गाळलेली पावडर, त्यात ती नावालाच असते, पण महाग पडतं. अर्ध्या मापानं सुरू करायचं.

परभणीची डॉक्टरीण :
मास्तर आणि जिमवाले, दोघांचंही थोडं खरं, थोडं उचललेलं.

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराच्या सूचना काढल्या. त्यात शरीर कमावण्यासाठी प्रोटीनची पावडर टाळा, असं स्पष्ट म्हटलंय. निरोगी मूत्रपिंडाला एका मापानं धोका होतो असं मी पेशंटला सांगत नाही, तसा पुरावा नाही. पण ज्याची किडनी आधीच अधू आहे त्याला हे वाढीव ओझं आहे, आणि आपल्याकडं पंचविशीच्या आत रक्तदाब, किंवा किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासतं कोण? घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर डबा उघडायच्या आधी तपासणी.

माझी खरी भीती डब्यात काय आहे याची. 2024 मध्येच केरळचे यकृततज्ज्ञ सिरियाक ॲबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरी तपासल्या. सुमारे 70 टक्क्यांत प्रथिनांचा लेबलवरचा आकडा आणि आतला आकडा जुळला नाही, 14 टक्क्यांत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. आणि आकडा फुगवायचा कसा? प्रयोगशाळेत बहुधा प्रथिनं थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि 6.25 नं गुणतात. मग स्वस्तातलं ग्लायसीन नाहीतर टॉरीन मिसळलं की नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रथिनं वाढतात, दंडावर काही नाही. ज्या डब्यावर नुसतं "प्रोटीन ब्लेंड" आणि मागं ग्लायसीन, टॉरीन लिहिलंय, तो ठेवून द्या. अन्नसुरक्षा खात्याचा, एफएसएसएआयचा, 14 आकडी नंबरही बघा, पण तो परवाना आहे, शुद्धतेचं प्रमाणपत्र नव्हे.

अमिनोबद्दल जिमवाले बरोबर आहेत. त्या डबीत असतं बीसीएए, म्हणजे ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, ही तीन अमिनो आम्लं, प्रथिनं ज्यांची बनतात त्यातल्या तीन जिनसा. शरीराला बाहेरून नऊ लागतात. तीनच आणून टाकल्या तर उरलेल्या सहा शरीर आपल्याच स्नायूतून ओढणार. आणि गंमत बघा, ज्या ल्युसीनचे हे पैसे घेतात ते आपल्या ज्वारीत भरपूर आहे. इतकं, की 1960 च्या दशकात हैदराबादला पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतल्या पेलाग्राचा, म्हणजे कातडी काळवंडणाऱ्या त्या रोगाचा, संबंध जास्तीच्या ल्युसीनशी जोडला होता. पुढं त्यावर वाद झाले. ज्वारीत कमी आहे ते लायसीन, त्या नऊतलंच एक, आणि ते तुरीत आहे. भाकरी-वरण आपल्या आज्यांनी प्रयोगशाळेत नाही शोधलं.

औशाचा मास्तर :
बाई, हे ज्वारीचं माहीत नव्हतं. अमिनोची डबी परत करायला लावतो, फोडलेली नाही अजून. सर घेतात का बघू.

पण वरणाचं म्हणाल तर मेसच्या वरणात डाळ शोधायला बॅटरी लागते.

नांदेडची मेसवाली :
मास्तर, बॅटरीचं बोलू नका. महिन्याला 2800 मध्ये दोन वेळचं ताट देते मी. गॅस, तेल, भाडं, दोन बायकांचा पगार. तूरडाळ कितीला झाली माहीत आहे का? वरण घट्ट करते म्हटलं आणि दोनशे वाढवले तर पोरं दुसऱ्या मेसला. आणि तीच पोरं अडीच हजाराचा डबा आणतात! ते दोनशे माझ्याकडं द्या म्हणावं.

बुधवारी सोयावडीची भाजी करते. तर पोरं वडी काढून ताटाच्या कडेला. म्हणे, सोयाबीननं माणूस बायकी होतो. कुणी सांगितलं, तर मोबाइलवर बघितलं.

संभाजीनगरचा जिमवाला :
मावशी, ते साफ खोटं. पुरुषांवरच्या चाचण्यांत सोयानं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी झालेलं दिसलं नाही. मी माळकरी पोरांना सोयावडीच सांगतो, शंभर ग्रॅम कोरड्या वडीत 50 च्या वर प्रथिनं. पन्नास ग्रॅम वडी म्हणजे माझ्या एका मापाएवढं, सात-आठ रुपयांत. फक्त मास्तर, घरचं सोयाबीन कच्चं दळून पोराला देऊ नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो शिजवल्यावर जातो.

आणि गोळाफेकीचं म्हणालात म्हणून. पावडर पिऊन गोळा लांब जात नाही, तो 7.26 किलोचाच राहतो. त्याला तंत्र आणि बैठका लागतात.

भरतीवाला, अहमदपूर :
मावशी, पोरं वडी बायकीपणामुळं कमी आणि वासामुळं जास्त काढतात. खरं सांगतो. ओलं पोतं चावल्यासारखं लागतं.

नांदेडची मेसवाली :
मग ते आधी सांगायचं ना. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळायची, गार पाण्यात टाकून घट्ट पिळायची. ते पाणी फेकायचं, पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळायची. फेस यायचा थांबला की वास गेला. मग दह्यात तिखट-हळद लावून अर्धा तास ठेवायची आणि लसणाच्या फोडणीत कोरडी परतायची. साठ पोरांची वडी दोनदा पिळायला माझ्याकडं हात नाहीत. दंड दाखवत फिरणाऱ्यांपैकी दोघं बुधवारी सात वाजता येत असतील, तर करते.