हीटरचा गोडसर वास: आधी कूलंट बघा

गाडीचा हीटर लावला की काकवीसारखा गोड वास येतो आणि काच आतून धुरकट होते, असं तुम्ही लिहिलंय. वर दोघांनी केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) बदला म्हटलंय, पण फिल्टर खराब झाला तर ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येतो, गोड नाही. हा वास कूलंटचा (इंजिन थंड ठेवणारं द्रव), म्हणजे त्यातल्या एथिलीन ग्लायकॉलचा. डॅशबोर्डमागे हीटर कोर असतो, छोटा रेडिएटरच म्हणा, त्यातून गरम कूलंट फिरतं. तो गळायला लागला की वाफ ब्लोअरमधून थेट आत. काचेवर आतून बोट फिरवा. चिकट लागलं तर बहुतेक हेच. डावीकडचं मॅट उचलून खालचं कार्पेटही ओलं आहे का चाचपा.

माझ्या गाडीला पसरणी घाट चढताना हेच झालं होतं. साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याने आत अत्तर फवारून गाडी परत दिली! शेवटी दुसरीकडे कोर बदलला. पार्टपेक्षा मजुरी जास्त लागली, कारण अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला.

तोवर रोज सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. घरात कुत्रं-मांजर असेल तर सांडलेलं लगेच पुसा, त्यांना ते विषच.