विषय: रेसीडाच्या (लॉस एंजेलिस) इराणी दुकानाचे आगाजान

नमस्कार मंडळी,

आगाजान गेले त्याला महिना होऊन गेला. त्यांच्या मुलीचा काल फोन आला. येत्या शनिवारी चेहेलोम, म्हणजे चाळिसावा दिवस आहे आणि तिने आपल्या सगळ्यांना आवर्जून बोलावलंय.

नव्या मंडळींसाठी थोडं सांगते. आगाजान इस्फहानचे. १९७७ साली इंजिनिअरिंग शिकायला इथे आले. त्या वर्षांत अमेरिकेत सर्वांत जास्त परदेशी विद्यार्थी इराणचेच असत. १९७९ला क्रांती झाली, घरून येणारे पैसे थांबले. त्याच नोव्हेंबरात तेहरानच्या वकिलातीतले अमेरिकन ओलीस धरले गेले आणि पुढचे ४४४ दिवस इथे इराणी म्हणवून घ्यायची चोरी झाली. तेव्हा बरेच जण स्वतःला ‘पर्शियन’ म्हणू लागले. आगाजान मात्र कोणी विचारलं की ‘इराणी’च सांगायचे. शिक्षण सुटलं, बेकरीत पीठ मळलं, दोन मुलं झाली, मग दुकान काढलं.

माझी त्यांची ओळख बेदाण्यांवरून झाली. मी मुलीला मराठीत म्हणाले, “बेदाणे घे गं.” ते गल्ल्यामागून उठूनच आले. फारसीत बी-दाने: ‘बी’ म्हणजे विना, ‘दाने’ म्हणजे दाणा; बिया नसलेले! मग जरदाळू: ज़र्द म्हणजे पिवळा, आलू म्हणजे आलुबुखारातला. “खानूम (म्हणजे बाई), तुम्ही घरात फारसीच बोलता की!” तेव्हापासून दर खेपेला एक शब्द ठरलेला.

पैसे द्यायला गेलं की म्हणायचे, “गाबेल नदारे.” तुमच्यापुढे याची काय किंमत, असा अर्थ. ही त्यांची रीत, तारोफ. आपण आग्रह करायचा, तिसऱ्यांदा ते घेतात. २००९मध्ये ह्यांची नोकरी गेली होती. दिवाळीआधी मी पिस्त्याची पिशवी काउंटरवरून परत फडताळात ठेवली, ते त्यांनी पाहिलं. पिशवी माझ्या सामानात घातली आणि चौथ्यांदा, पाचव्यांदाही तेच म्हणत राहिले. नोकरी लागल्यावर पाकीट घेऊन गेले, तर त्यातून त्या दिवशीच्या तांदळाचे तेवढे घेतले.

कोण कोण येणार, कळवा.

– ताई, नॉर्थरिज

---

ताई,

मी आणि ही नक्की येतो. वाचून गलबललो.

पिस्त्याचं निघालं म्हणून सांगतो. कॅलिफोर्नियाच्या बागांमधली जुनी मुख्य जात ‘केरमान’. १९२९-३०च्या सुमारास अमेरिकन शेतीखात्याचा माणूस इराणमधून बी घेऊन आला, त्यातून ती निवडली. निर्बंधांमुळे इराणी पिस्ते बंद झाले, की आगाजान इथलेच पिस्ते विकायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, “हेही तिकडूनच आलेत, माझ्याआधी.”

एक विनंती. मंडळात काहींना ते पारशी वाटायचे, कारण आपल्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचा इराणी येतो. ती हॉटेलं काढणारे बरेचसे यज्द-केरमानकडचे झरथुष्ट्री. आगाजान मुसलमान होते. तिथे अग्यारीबद्दल विचारू नका.

माझ्या नातवाला आठवतात ते खड्यांमुळे. संगक रोटी तापलेल्या खड्यांवर भाजतात. गरम रोटीला चिकटलेला एखादा खडा ते अंगठ्याच्या नखाने काढायचे, फुंकर मारून गार करायचे आणि त्याच्या मुठीत द्यायचे. सतरा खडे आहेत त्याच्याकडे. तोही येतोय.

– काका, टारझाना

---

काका,

आणा त्याला. मुलीशी पुन्हा बोलले. दुपारी चारला, घरीच. काळे किंवा साधे कपडे, पांढरी फुलं चालतील. हलवा ती मंडळी घरीच करतात: कणीक खमंग भाजून केशर आणि गुलाबपाणी घालून. मी शिरा आणू का, असं भीतभीतच विचारलं. ती म्हणाली, बाबांना तुमच्याकडचा आवडायचा, बेदाणे घालून आणा.

केशर त्यांच्याच दुकानातलं आहे. डबीवर किंमत त्यांच्या हातची लिहिलेली. अर्धं उरलंय.

– ताई