शब्दचर्चा : 'अनौरस' कुणाला म्हणायचं? (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी नागपुरातल्या त्यांच्या वस्त्यांची नावं दिली आहेत.)

महालातून प्रश्न : माझा चुलतभाऊ अपघातात गेला तेव्हा वहिनीला पाचवा महिना होता. आता बाळ झालंय. वारसाच्या अर्जाची वेळ आली, तर घरातलेच एक काका म्हणतात, "बापाची खात्री नाही, 'अनौरस' लिहा." ऐकून जीव तुटला. या शब्दाचा नेमका अर्थ काय?

धरमपेठ : ताई, 'उरस्' म्हणजे छाती, त्यावरून औरस : लग्नाच्या बायकोपासून झालेलं स्वतःचं अपत्य. अनौरस म्हणजे लग्नाबाहेर झालेलं. लग्न टिकून असताना राहिलेल्या गर्भाला नुसत्या संशयावरून अनौरस म्हणणं हा चुकीचा वापर आहे.

खरी संशयाची जागा मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे. तिथे पुत्रांचे बारा प्रकार दिलेत, त्यात एक 'गूढोत्पन्न' : घरात जन्मला, पण कुणाचा ते कळत नाही. तो कुणाचा मानायचा? 'तस्य स्याद्यस्य तल्पजः', म्हणजे ज्याच्या शय्येवर जन्मला त्याचा. 'सहोढ' त्याच्याही पुढचा. लग्नाच्या वेळीच नवरी गरोदर असेल, नवऱ्याला ते ठाऊक असो वा नसो, मूल नवऱ्याचंच. हे सगळं वंश आणि पिंडासाठी होतं, बाईच्या मानासाठी नव्हे, हे मान्य. तरी ते मूल दाराबाहेर ठेवलेलं नाही.

सीताबर्डी : बोलीतला 'अकरमाशा' यातलाच. मासा म्हणजे सोन्याचं जुनं वजन; बारा माशांचा तोळा, त्यात एक मासा कमी म्हणजे हिणकस. सोन्याचं माप लेकराला लावायचं! हा शब्द कोशात राहू द्या, घरात नको.

सदर (वकील) : शब्दापेक्षा कायदा इथे जास्त स्पष्ट आहे. आधी पुरावा कायदा १८७२ चं कलम ११२ होतं; १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६. लग्न टिकून असताना किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांच्या आत मूल झालं आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसेल, तर ते औरस असल्याचा तो निर्णायक पुरावा. अपवाद एकच : गर्भ राहण्याच्या काळात नवरा-बायकोची भेट होणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध करणं. तुमच्या वहिनी त्या मुदतीत सहज बसतात.

काका डीएनएचं काढतील. २०१४ मध्ये विदर्भातल्याच एका पोटगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए अहवाल 'लग्नातलं मूल औरसच' या कायद्यातल्या गृहीतकापेक्षा वरचढ मानला, हे खरं. पण तिथे चाचणी आधीच झालेली होती, आणि तोवर दिलेली पोटगी परत घेऊ दिली नाही. कुणी नुसती मागणी केली म्हणून चाचणीचा हुकूम निघत नाही, हे १९९३ पासून ठरलेलं आहे. शिवाय हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २० : वडील गेले तेव्हा पोटात असलेलं आणि पुढे जिवंत जन्मलेलं मूल आधीच जन्मल्यासारखंच वारस.

महाल : आभार. आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माह्या नातवाचं पोट्टं हाय थे. कागदावर वंगाळ काही लिवाचं नाही." अर्जात नुसतं 'मुलगा' लिहिलं तर चालेल?

सदर : चालेल, तेवढंच लिहा. १ मे २०२४ नंतरचा जन्म आहे, म्हणून राज्य सरकारच्या नियमाप्रमाणे नावाचा क्रम बाळाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. जन्मदाखल्यावरही तोच क्रम आहे ना, ते आधी पाहून घ्या.