'प्रॉग्नॉस्टिक'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जठराच्या कर्करोगावरचा एक शोधनिबंध मराठीत आणतेय. त्यात एका जनुकाला 'डायग्नॉस्टिक' (आजार आहे का ते सांगणारा) आणि 'प्रॉग्नॉस्टिक' (आजार पुढे कसा वळेल ते सांगणारा) 'बायोमार्कर', म्हणजे शरीरात मोजता येणारी खूण, म्हटलंय. पहिल्याला 'निदानसूचक' जमतं. दुसऱ्याला 'पूर्वानुमान' लावलं तर हवामान खातं आठवतं. आयुर्वेदातला 'साध्यासाध्यता' चालेल का?

उत्तर: शब्द अस्सल आहे. चरकसंहितेत सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी व्याधींची वर्गवारीच आहे. औषधपाणी चालू असेपर्यंत आटोक्यात राहतो तो याप्य, हा तर मला फार आवडणारा शब्द. तरी इथे 'साध्यासाध्यता' वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. 'साध्य' म्हटलं की उपचाराला गुण येणं त्यात आलंच, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी तो वेगळा प्रश्न आहे. त्याला ते 'प्रेडिक्टिव्ह' म्हणतात.

हर-२ (HER2) हे काही गाठींच्या पेशींवर वाढलेलं आढळणारं प्रथिन घ्या. एंडोस्कोपीत काढलेल्या तुकड्यावर या प्रथिनाचा रंग किती चढला ते पॅथॉलॉजिस्ट बघतात: ०, १+, २+ की ३+. २+ आला की निकाल अडतो, मग फिश (FISH) या चाचणीने पेशीतल्या हर-२ जनुकाच्या प्रती मोजतात. हर-२ निदानसूचक आहे का? नाही. जठराच्या बहुतेक गाठींत तो वाढलेला नसतोच, म्हणजे निगेटिव्ह आला तरी कर्करोग असतोच. आजार पुढे कसा वळेल ते त्यावरून कळतं का? अभ्यासांत एकमत नाही. औषध मात्र त्यावरून ठरतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या टोगा (ToGA) या रुग्णांवरच्या औषध-चाचणीत आजार पुढे गेलेल्या हर-२ पॉझिटिव्ह रुग्णांना केमोथेरपीच्या जोडीला ट्रॅस्टुझुमॅब हे हर-२ वर नेम धरणारं औषध दिलं. नुसत्या केमोवर रुग्ण जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण याहून जास्त जगतात तो) ११.१ महिने होता, तो १३.८ झाला.

म्हणून तीन वेगळे शब्द हवेत: डायग्नॉस्टिकला निदानसूचक, प्रॉग्नॉस्टिकला भवितव्यसूचक, प्रेडिक्टिव्हला प्रतिसादसूचक.

प्रश्न: 'भवितव्यसूचक' पटला. निबंधात त्या जनुकाची गाठीतली आणि शेजारच्या निरोगी भागातली पातळी ताडून पाहिलीय, आणि ती पातळी जास्त असलेले रुग्ण लवकर दगावल्याचा आलेख आहे. एवढ्यावर दोन्ही शब्द लावू?

उत्तर: घाई नको. गाठीत पातळी जास्त असणं म्हणजे निदान नव्हे. जठराला नुसती सूज असलेल्यांपासून कर्करोगाचे रुग्ण त्यावरून वेगळे काढता येतात का, ते बघा. आणि आजाराचा टप्पा नि वय हिशेबात धरल्यावरही आलेखातला फरक टिकला का, तेही तपासा. टिकला नसेल तर 'भवितव्याशी संबंध आढळला' इतकंच लिहा.