लिनक्स मिंटवर आकाशवाणी लागत नाही, हलका रेडिओ प्लेयर कोणता?

परभणीकर:
२ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. रिदमबॉक्स प्लेयरमध्ये बाकी रेडिओ वाजतात, आकाशवाणीची लिंक टाकली की गप्प. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आवाजही तुटायलाय. संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड करायचाय. डेटा किती जाईल?

गोदाकाठ:
लिंकच्या शेवटी एम३यू८ आहे का बघा. असेल तर तो एचएलएस: आवाज काही सेकंदांच्या तुकड्यांनी उतरतो. रिदमबॉक्स जीस्ट्रीमर या आवाज-व्हिडिओ वाजवणाऱ्या संचावर चालतो आणि एचएलएस वाचणारा भाग त्याच्या ‘प्लगइन्स-बॅड’ पॅकेजात असतो. नावावर जाऊ नका, ते टाका. सोबत एएसी प्रकारच्या आवाजासाठी त्याचंच ‘लिबॅव्ह’ पॅकेज. मग प्लेयर बंद करून उघडा.

तरी २ जीबीवर एमपीव्ही हा हलका प्लेयरच वापरा. एचएलएस थेट वाजवतो, खिडकीही लागत नाही. शॉर्टवेव्ह नावाचा रेडिओ प्लेयर सुरेख आहे, रेडिओ ब्राउझर या ऑनलाइन यादीतून स्टेशन शोधून देतो. पण फ्लॅटपॅकमधून (सगळं सोबत घेऊन येणारं पॅकेज) घेतलात तर ग्नोम डेस्कटॉपचा अख्खा पसारा उतरवतो. हॉटस्पॉटवर नको.

डेटा: १२८ केबीपीएसला तासाला साधारण ५८ एमबी, ६४ ला २९.

लातूर टर्मिनल:
आवाज तुटतो म्हणून नुसती कॅशे (पुढचा आवाज आधीच साठवायची जागा) वाढवून भागत नाही. थेट प्रसारणात पुढचं अजून बोललंच गेलेलं नसतं, भरणार काय? एमपीव्हीच्या कॉन्फ फाइलीत ‘कॅशे-पॉज-इनिशियल’ यस आणि ‘कॅशे-पॉज-वेट’ १५ करा. सुरुवातीला थांबेल, मग तेवढं मागे राहून वाजेल.

रेकॉर्डिंग: क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) ‘टाइमआउट’ (ठरल्या वेळाने बंद करणारी आज्ञा) लावून एमपीव्ही, पर्याय ‘स्ट्रीम-रेकॉर्ड’. फाइल टीएस प्रकारची ठेवा, एमपी४ नको. एमपी४ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मध्येच लाईट गेली आणि बॅटरी बसली की अख्खी फाइल वाया. टीएस तिथपर्यंतची वाजते.

परभणीकर:
दोन्ही पॅकेजं टाकली, आकाशवाणी लागली! पण क्रॉनमध्ये फाइलच बनत नाही, हाताने तीच ओळ चालतेय.

लातूर टर्मिनल:
फाइलीच्या नावात तारीख टाकलीय ना दादा? क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या आज्ञांची यादी) टक्क्याचं चिन्ह म्हणजे ओळ तिथंच संपली. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या, फाइलीचा पत्ता पूर्ण लिहा. क्रॉनला तुमच्या सत्रातला आवाज सापडत नाही, म्हणून एमपीव्हीचा ‘एओ’ (आवाज कुठे पाठवायचा तो पर्याय) नल ठेवा.

गोदाकाठ:
टाइमझोन कोलकाता आहे ना, तेही बघा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला तर कार्यक्रम साडेपाच तास हुकतो. आणि लॅपटॉप झोपला असेल तर क्रॉन त्याला उठवत नाही. झाकण लावल्यावर सस्पेंड होणं बंद करा.