मदत हवी आहे: पालापाचोळ्याच्या खड्ड्यावर घिरट्या घालणाऱ्या केसाळ गांधीलमाश्या, रविवारच्या आत ओळखायच्यात

नमस्कार मंडळी, आम्ही पुण्यात बावधनला राहतो, सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात पालापाचोळ्याचा खड्डा आहे आणि गणपती झाल्यापासून तिथे रोज सकाळी ऊन आलं की वीस-पंचवीस माश्या जमिनीपासून वीतभर उंचीवर नुसत्या फेऱ्या मारतायत. काळ्या, अंगभर लव, पोटावर पिवळे पट्टे. मुलं तिथेच खेळतात म्हणून कमिटीने रविवारी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंय.

ह्या स्कोलिइडी कुळातल्या आहेत एवढं मला नक्की कळलंय, कारण पंखांच्या टोकांना बारीक उभ्या चुण्या आहेत, मोबाईलच्या मॅक्रोत स्पष्ट दिसतात. घिरट्या घालणारे सगळे नर, मादी मातीतून वर यायची वाट बघणारे. नराला नांगीच नसते, मागे तीन काटे असतात ते बघून लोक घाबरतात. मादीला नांगी आहे पण तिला राखायला पोळंच नसतं, मुठीत धरली किंवा पायाखाली आली तरच डसेल.

परवा खत काढताना एक हुमणी (भुंगेऱ्याची मातीतली पांढरी अळी) मिळाली. एरवी हात लागला की अंग आवळून घेते, ही अगदी लुळी, आणि पोटाला तांदळाच्या कणीसारखं पांढरं अंडं चिकटलेलं! मादी मातीत शिरून हुमणीला नांगी मारते, अंडं घालते, मग अंड्यातून निघालेली अळी तिला खाऊन तिथेच कोष करते. माझ्या माहेरी हुमणीने अख्खा ऊस वाळलेला मी बघितलाय हो, म्हणून हे फवारायचं म्हटलं की जीव तुटतो. हवाईत तर १९१६ च्या सुमारास फिलिपिन्सहून स्कोलिया मॅनिली ही जात मुद्दाम नेऊन उसातल्या हुमणीवर सोडली होती.

आता जात कोणती ते सांगा. मला कॅम्प्सोमेरिएला कोलॅरिस वाटतेय, पण ह्यांच्यात नर-मादी इतके वेगळे दिसतात की नुसत्या पट्ट्यांवरून बोलायची हिंमत होत नाही. एक मेलेली मादी तुळशीखाली सापडली, ती काडेपेटीत कापसावर ठेवलीय. पंखांच्या शिरांचा फोटो कुठल्या बाजूने काढू? आकुर्डीला झूऑलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, तिथे असा नमुना कोणी दाखवायला नेलाय का, आधी ईमेल करावा लागतो का?

आणि कमिटीला फवारणी पुढे ढकलायला कोणी लावलं असेल तर काय बोललात तेही लिहा, खड्ड्याभोवती दोरी बांधायला मी आजच तयार आहे.