बालार्ड .३२-४०: आधी नळीचे माप घ्यावे
नळीत शिसे चिकटते म्हणून गोळीचा मिश्रधातू आणखी कठीण करावा, असा सल्ला दिला जातो; पण .३२-४० (सुमारे .३२ इंची गोळी व ४० ग्रेन दारूचे जुने काडतूस) वापरणाऱ्या बालार्डसारख्या जुन्या अमेरिकन एकबारी (एका वेळी एकच काडतूस भरायच्या) नेमबाजी रायफलला तो मला पटत नाही. त्या काळच्या नळ्या एकाच मापाच्या नसत. म्हणून मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलून त्यावर उमटलेल्या, नळीच्या आतील पिळदार खाचांचा व्यास मोजावा आणि ओतीव गोळी त्याहून इंचाच्या एक-दोन सहस्रांशांनी मोठी ठेवावी, कारण लहान गोळीच्या कडेने तप्त वायू निसटतो व शिसे नळीला चिकटते. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूला तर २० ते ३० भाग शिशात १ भाग कथील एवढी मऊ गोळीच बरी, कारण ती दाबाने फुगून खाचा भरते. नळीचे मुख सफाईच्या गजाने झिजले असेल, तर मात्र हे उपाय अपुरे पडतील.